पुतळा शेवटी, आधी जंगल: वॉशिंग्टनचं रूझवेल्ट बेट

वॉशिंग्टन बघायला आलेली आपली मंडळी लिंकन मेमोरियल आणि संग्रहालयं करून थकतात, पण पोटोमॅक नदीतल्या थिओडोर रूझवेल्ट बेटाकडे, म्हणजे निसर्गरक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या स्मारकाकडे, फिरकत नाहीत. माझ्याकडे भारतातून कुणी आलं की मी त्यांना इथे नेतेच.

रॉसलिन मेट्रो स्टेशनवरून चालत येता येतं. गाडी आणणार असाल तर लक्षात ठेवा, पार्किंगमध्ये फक्त जॉर्ज वॉशिंग्टन पार्कवेच्या उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूनेच वळता येतं. पादचारी पूल ओलांडला की ८८.५ एकरांचं बेट, तिकीट नाही. सायकलसुद्धा पुलाच्या अलीकडच्या बाजूलाच लावायची. "एवढ्या मोठ्या माणसाचं स्मारक, आणि चहाची एक टपरी नाही?" असं आईने विचारलं होतं. नाही, म्हणून पाणी घरूनच आणा.

पुलावरून उतरल्यावर बहुतेक जण थेट पुतळ्याकडे जातात. मी पाहुण्यांना आधी दलदलीच्या वाटेने नेते. लाकडी फळ्यांच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणकणीस, ओंडक्यांवर कासवं, उथळ पाण्यात बगळे. हे जंगल माणसांनी परत उभं केलेलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. एकेकाळी इथे मेसन कुटुंबाची शेतीवाडी होती आणि ती गुलामांच्या कष्टावर चालायची. यादवी युद्धात, १८६३ मध्ये, याच बेटावर कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण तयार झाली. पुढे १९३१ मध्ये रूझवेल्टच्या स्मारकासाठी एका संस्थेने बेट विकत घेतलं आणि उद्यानरचनाकार धाकट्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडच्या आराखड्याप्रमाणे इथे देशी झाडं लावली गेली.

म्हणजे खरं स्मारक हे जंगलच. पॉल मॅनशिपने घडवलेला १७ फुटी ब्राँझचा पुतळा आणि भोवतालचा दगडी चौक १९६७ मध्ये लोकार्पण झाला. तो भव्य आहे, पण एवढ्या झाडीत मला जरा जडच वाटतो. चार ग्रॅनाइट शिलांपैकी निसर्गावरची मात्र सावकाश वाचा. नैसर्गिक संपत्ती पुढच्या पिढीच्या हाती वाढवून द्यावी, घटवून नव्हे, असं रूझवेल्टचं म्हणणं तिच्यावर कोरलंय. पाहुण्यांना मी ते मराठीत सांगते.

शांततेची अपेक्षा ठेवू नका. दक्षिण टोकावरून महामार्गाचा पूल जातो आणि विमानंही कमी उंचीवरून उडतात. उन्हाळ्यात डास आणि गोचिड्या असतात, तेव्हा पूर्ण पँट घाला. एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम.