सागरी ग्रीस म्हणून माझ्या गळ्यात मारलेले चाकांचे ग्रीस

माझ्या शिडाच्या बोटीच्या पाण्याखालच्या व्हॉल्व्हांसाठी, ‘समुद्राच्या पाण्यात न धुपणारे कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस’ असे सांगून एका विक्रेत्याने मला 500 ग्रॅमचे चार डबे साध्या ग्रीसच्या पाचपट भावाने विकले. वरचे लेबल सोलल्यावर खाली दुसरे निघाले: चाकांच्या बेअरिंगचे, सोडियम साबणाने घट्ट केलेले ग्रीस. शिवाय डब्यांत प्रत्येकी 410 ग्रॅमच माल भरला. म्हणजे 360 ग्रॅम तर वजनातच मारले.

सोडियम साबणाचे ग्रीस पाणी शोषून मऊ पडते आणि धुऊन जाते. माझे व्हॉल्व्ह ब्राँझचे, निमुळत्या प्लगचे (आत फिरणाऱ्या शंकूसारख्या बुचाचे) आहेत. त्यांत रबरी सील नसते, घासून बसवलेल्या दोन पृष्ठभागांमधला ग्रीसचा थरच पाणी अडवतो. इंजिनाला थंड पाणी पुरवणारा व्हॉल्व्ह बोट पाण्यात असतानाच झिरपू लागला आणि त्याची मूठ जागची हलेना. बोट वर काढून प्लग ठोकून बाहेर घेतला, तेव्हा त्यावर ग्रीसचा मागमूस नव्हता. हिरवट थर चढला होता आणि एका बाजूने उभे ओरखडे पडले होते.

खरे तर पहिला डबा उघडला तेव्हाच हा प्रकार थांबायला हवा होता, आणि तो क्षण आठवला की अजूनही संताप होतो. ओल्या बोटांना लागलेले ग्रीस दुधाळ झाले आणि पाण्याबरोबर ओघळून गेले. मी लगेच विक्रेत्याला फोन केला, तर ‘ताजा माल असाच असतो, आत बसला की घट्ट होतो’, असे त्याने ठामपणे सांगितले. लेबलवर एनएलजीआय 2 हा ग्रीसच्या घट्टपणाच्या श्रेणीचा आकडा होता, पाण्याने धुपण्याच्या चाचणीचा उल्लेख होता, बिल रीतसर होते. यापलीकडे ग्राहकाने काय तपासायचे? एनएलजीआयचा आकडा केवळ घट्टपणा सांगतो, पाण्यातल्या टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाही, आणि विक्रेत्याने नेमका याचाच फायदा उठवला. तुम्ही मात्र धातूच्या पट्टीवर बोटभर ग्रीस फासून ती रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवा आणि मगच व्हॉल्व्हला हात लावा. ग्रॅफाइट मिसळलेले ग्रीस कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइटमुळे ब्राँझचे गंजणे वाढते.

तक्रारीचे काय झाले, तेही ऐका. ग्राहक तक्रार कक्षाने ‘हा गुणवत्तेचा प्रश्न आहे’ म्हणून मला चाचणी विभागाकडे धाडले, चाचणी विभागाने ‘आम्ही खासगी व्यक्तीचा नमुना घेत नाही’ म्हणून परत कक्षाकडे, आणि बंदर कार्यालयातल्या अधिकाऱ्याने तर सोललेले लेबल हातात घेऊनही पाहिले नाही. बोट बुडाली असती तरच नोंद घेतली असती, असे त्याने मला तोंडावर सांगितले. विमा कंपनीने ‘देखभालीतील हयगय’ असा शेरा मारून दावा फेटाळला. नियमित देखभाल करणाऱ्या, त्यासाठी पाचपट पैसे मोजणाऱ्या माणसाला हे उत्तर!

व्हॉल्व्ह प्रबलित (तंतू घालून मजबूत केलेल्या) नायलॉनचा असेल, तर खनिज तेलाचे ग्रीस न वापरता उत्पादकाने सुचवलेले सिलिकॉन ग्रीस वापरा. डबा घेताना तो वजन करूनच घ्या. लेबलची कड नखाने उचलून पाहा. एक डबा सीलबंदच ठेवा, कारण महिनोन्‌महिने फिरवल्यानंतर आता कक्षाने माझ्याकडे न उघडलेला नमुना मागितला आहे, आणि माझे चारही डबे उघडलेले आहेत.