एम.एफ.एस्सी.: शिक्षण चोख, पण वाट बारावीतूनच जाते

मत्स्यविज्ञानात पुढे शिकायचं म्हणून जळगाव-धुळ्याकडची मुलं आधी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करतात आणि तिथेच गाडी अडते. एम.एफ.एस्सी.ला, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीला, चार वर्षांची बी.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) लागते. त्यामुळे निर्णय बारावीलाच, जीवशास्त्र हातात असताना घ्यावा. कॉलेजं रत्नागिरी, नागपूर, उदगीरला. खान्देशातून सगळीच लांब, त्यातल्या त्यात नागपूरला रेल्वेची सोय बरी. पुढे मुंबईचं वर्सोव्याचं केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थान गाठायचं तर कृषी अनुसंधान परिषदेची पीजी प्रवेश परीक्षा.

एम.एफ.एस्सी. दोन वर्षांची, एकूण ७० क्रेडिट (अभ्यासाच्या भाराचं माप). मुख्य विषयाचे २०, गौण विषयाचे ८, सहाय्यक ६, सामायिक ५, सेमिनार १ आणि प्रबंधाचे तब्बल ३०. सामायिक विषय मुलं उरकून टाकतात, त्यात फार बिघडत नाही. सहाय्यक विषयातलं संख्याशास्त्र मात्र टाळू नका. टाक्या किती, प्रत्येक प्रयोगाच्या पुनरावृत्ती किती हे आधी ठरलं नाही, तर गोळा केलेले आकडे शेवटी कामाचे राहत नाहीत.

खरी गोची प्रबंधाची, आणि ती वेळापत्रकात आहे. रोहू, कटला, मृगळ साधारण जून ते ऑगस्टमध्येच अंडी देतात. प्रवेश पावसाळा सरता सरता होतो, म्हणून दोन वर्षांत धड कामाचा पावसाळा एकच मिळतो. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मे महिन्याआधी मंजूर नसेल तर प्रेरित प्रजननाचा, म्हणजे संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन माशांना अंडी घालायला लावण्याचा, विषय घेऊच नका. इंजेक्शनचा डोस (मादीला किलोमागे साधारण ०.४ ते ०.५ मिली ओव्हाप्रिम हे संप्रेरकाचं औषध, नराला त्याच्या निम्मा) कुणीही सांगेल. पण मादी पिकलेलीच नसेल तर डोस काय करणार? हतनूर किंवा गिरणा धरणावर प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) नमुने घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: दरवाजे उघडले की पाणी गढूळ होतं, जाळी गाळाने बुजते आणि आधीच्या महिन्यांशी तुलना बिघडते.

बी.एस्सी. झालेल्यांना वन्यजीवाची वाट मोकळी आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) इथल्या वन्यजीवाच्या एम.एस्सी.ला मत्स्य पदवी लागत नाही. मात्र जागा मोजक्या, परीक्षा आणि मुलाखत दोन्ही, आणि प्रवेश दरवर्षी निघतीलच असं नाही; जाहिरातीवर नजर ठेवावी लागते.

इथल्या प्राणिशास्त्र एम.एस्सी.त मत्स्यशास्त्राचा विशेष पेपर घेणं हा तिसरा पर्याय. शिकायला वाईट नाही, पण सरकारी भरतीत तो एम.एफ.एस्सी.च्या बरोबरीचा धरतात का, हे प्रवेशाआधी जुन्या जाहिराती काढून तपासा. प्रबंधासाठी यावल किंवा अनेर अभयारण्यात जायचं असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली परवानगी लागते. अर्ज विषय ठरताच टाका, सेमिस्टर सुरू झाल्यावर नव्हे.