‘टॉ’ म्हणजे दर वेळी ‘हो’ नसतं: आयरिश संसदेच्या वेबसाइटची पारख

आयर्लंडच्या ग्रीन पार्टीचा (पर्यावरणवादी पक्ष) विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘सत्तेसाठी तत्त्वं सोडली’. दुसरं, ‘बोलले ते करून दाखवलं’. 2020 मध्ये या पक्षाचे 12 खासदार निवडून आले आणि तो आघाडी सरकारात गेला, नोव्हेंबर 2024 मध्ये एकटे रॉडरिक ओगोर्मन उरले. तेव्हापासून दोन्ही बाजूंचा आवाज आणखी चढलाय. खरं-खोटं करायचं असेल तर आयरिश संसदेची, म्हणजे इरॅक्टसची, अधिकृत वेबसाइट हाताशी हवी. ती फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि कनिष्ठ सभागृहातली (त्याचं नाव डॉल, डाळीशी संबंध नाही) 1919 पासूनची भाषणं तिथे वाचता येतात. दस्तऐवज म्हणून तिला तोड नाही. मतदानाचं पान मात्र घाईत वाचणाऱ्याला हमखास फसवतं.

आधी शोधायचं कसं ते. मुख्य सर्चमध्ये पक्षाचं नाव टाकू नका, भाषणांचा ढिगारा अंगावर येतो. थेट मतदानाच्या विभागात जा, 33वी डॉल निवडा (फेब्रुवारी 2020 ते नोव्हेंबर 2024), मग सदस्याचं नाव किंवा तारीख द्या. या वादातली ग्रीन खासदारांची मतं या जुन्या कालखंडात आहेत, त्यामुळे चालू सभागृहात शोधलं तर हाती फारसं काही लागत नाही. आणखी एक गोष्ट: त्या काळात बरंचसं मतदान बुधवारी एकगठ्ठा व्हायचं. चर्चा मंगळवारची आणि मतं बुधवारची, त्यामुळे चर्चेच्या तारखेला मतं सापडत नाहीत.

उदाहरण घ्यायचं तर सगळ्यात गाजलेलं. भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची हिवाळी बंदी 31 मार्च 2023 ला संपत होती. ती वाढवावी असा ठराव शिन फेन या विरोधी पक्षाने आणला आणि 22 मार्चला सरकारने तो 83 विरुद्ध 68 मतांनी परतवला. ग्रीन पक्ष सरकारसोबत राहिला. ग्रीन पक्षाच्याच खासदार न्यासा हौरिगन यांनी सरकारच्या विरोधात मत दिलं आणि त्यांना 15 महिन्यांसाठी संसदीय पक्षाबाहेर बसावं लागलं.

आता असल्या पानावर दिसतं काय? तीन रकाने: टॉ म्हणजे होय, नील म्हणजे नाही, स्टीन म्हणजे तटस्थ. प्रत्येकाखाली नावं. इथेच घोळ होतो. विरोधकांच्या ठरावाला सरकार बहुतेकदा दुरुस्ती सुचवतं आणि तिचा साचा ठरलेला असतो: ‘डॉल एरन’ या शब्दांनंतरचा सगळा मजकूर काढून पुढचा मजकूर घालावा. म्हणजे मूळ ठरावाचं फक्त डोकं शिल्लक राहतं, धड सरकारचं. मग मतदान होतं ते या दुरुस्तीवर, आणि ‘टॉ’चा अर्थ होतो विरोधकांच्या मागणीला नकार. पानाचं शीर्षक मात्र मूळ विषयाचंच असतं. कुणी स्क्रीनशॉट काढून ‘बघा, यांनी पाठिंबा दिला’ असं टाकलं की समजावं, याने शीर्षकाखालची ओळ वाचलेली नाही. प्रश्न नेमका कशावर टाकला होता ती ओळ आधी वाचायची, नावं नंतर. विधेयकांतही असाच प्रकार असतो: दुसरं वाचन अमुक महिन्यांनी करावं अशी दुरुस्ती येते, आणि तिथला ‘टॉ’ म्हणजे ‘आत्ता नको’.

तटस्थतेचा रकानाही दुर्लक्षून चालत नाही. मे 2022 मध्ये राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयाच्या मालकीवरून शिन फेनचा ठराव आला तेव्हा सरकारने आपल्या खासदारांना तटस्थ राहायला सांगितलं. ठराव मंजूर झाला. हौरिगन आणि त्यांच्याच पक्षाचे पॅट्रिक कॉस्टेलो यांनी बाजूने मत दिलं आणि दोघांवर सहा महिन्यांचं निलंबन आलं. नुसता निकाल बघणाऱ्याला वाटेल सरकारच हरलं. निलंबनाचा तर मतदानाच्या नोंदीत पत्ताच नसतो, त्यासाठी वर्तमानपत्रंच चाळावी लागतात.

जे पानावर दिसत नाही त्याची यादी बरीच मोठी आहे. एखादा खासदार गैरहजर दिसला म्हणून त्याने पळ काढला असं होत नाही. दोन्ही बाजूंनी एकेक माणूस बाहेर ठेवण्याची ‘पेअरिंग’ची पद्धत तिथे चालते. कुणी मतविभागणी (नावानिशी मतमोजणी) मागितलीच नाही तर कुणाचंच नाव लागत नाही. आणि ‘विरोधकांनी दुरुस्तीच सुचवली नाही’ हा आरोप करण्याआधी, सरकारी तिजोरीवर बोजा टाकणारी विरोधकांची दुरुस्ती नियमबाह्य ठरते आणि मतदानापर्यंत पोचतच नाही, हे लक्षात ठेवावं.

‘बोलले ते केलं’ या बाजूला वेबसाइट जास्त न्याय देते. 2030 पर्यंत कार्बन कर टनामागे 100 युरोवर नेण्याचं कलम 2020 च्या सरकारी कार्यक्रमात होतं. 13 ऑक्टोबर 2020 च्या अर्थसंकल्पात तो 26 वरून 33.50 युरो झाला आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्यात दरवर्षी साडेसात युरोंच्या टप्प्यांनी पुढची वाढ बांधून टाकली. विधेयकांच्या विभागात हा कायदा टप्प्याटप्प्याने वाचता येतो, दुरुस्त्यांच्या पीडीएफसकट. या मुद्द्यावर पक्षाला खोटं ठरवणं अवघड आहे. 2021 च्या हवामान कायद्याचंही तसंच, 2018 च्या तुलनेत 2030 पर्यंत उत्सर्जन 51 टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट त्यातून आलं. पण कायदा झाला म्हणजे काम झालं का, याचं उत्तर या वेबसाइटवर नाही. ते पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात सापडतं: 2025 च्या अंदाजानुसार सगळे ठरलेले उपाय अमलात आले तरी घट 23 टक्क्यांपर्यंतच.

सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग म्हणजे लेखी प्रश्न. मंत्र्याने आकड्यासकट दिलेलं उत्तर तिथे क्रमांकानिशी असतं. जाहीरनाम्यापेक्षा ते कधीही भरवशाचं. आरोग्याच्या प्रश्नांना मात्र बरेचदा ‘आरोग्य सेवा यंत्रणा थेट उत्तर देईल’ एवढंच छापून येतं आणि खरं उत्तर त्या पानावर येत नाही. शेकडो मतं एकदम तपासायची असतील तर संसदेचा खुला एपीआय (प्रोग्रामने माहिती थेट ओढून घेण्याची सोय) वापरा, हाताने नावं मोजत बसू नका. एखाद्या खासदाराच्या बोलण्यावर नजर ठेवायची तर किल्डेअर स्ट्रीट ही स्वयंसेवकांची वेबसाइट ईमेलने सूचना पाठवते. मतदानाच्या आकड्यांसाठी मात्र मूळ नोंदच उघडावी.