दरवेळी मंजुरी, की एकदाच करार?

पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या आसपासच्या गावांत निवृत्त फौजी बरेच, म्हणून पारावर हा वाद रंगतो: परक्या देशातून सैन्य न्यायचं तर दरवेळी दूतावासामार्फत मंजुरी मागावी, की आधीच करार करून ठेवावा?

दरवेळची मंजुरी म्हणजे शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून बंडी नेणं. त्याचं मन फिरलं की अडलंच. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्पेननं नकार दिला, तेव्हा ब्रिटनमधून लिबियाकडे निघालेली अमेरिकी विमानं समुद्रावरून लांबचा वळसा घेत, हवेतच इंधन भरत गेली. १९९१ च्या आखाती युद्धात आपणही अमेरिकी विमानांना इंधन भरू दिलं, अन् देशात ओरड झाल्यावर ते थांबलं. यजमानाला मात्र ही पद्धत सोयीची: नाही म्हणायची मोकळीक हाती राहते.

करारात हिशेब आणि कागद आधीच ठरलेले, वेळ वाचतो. २०१६ चा भारत-अमेरिका लॉजिस्टिक्स करार (एकमेकांच्या सैन्याला इंधन, रसद, दुरुस्ती पुरवायचा) घ्या. पण त्यानं अमेरिकेला इथं लष्करी तळ मिळत नाही, अन् प्रत्येक मागणीला वेगळा होकार लागतोच (हे पारावर कुणी ऐकून घेत नाही).

माझं विचाराल तर भूकंप-पुराच्या मदतीला करार बरा. लढाईला निघालेल्या विमानांनी मात्र दिल्लीला दरवेळी विचारावंच.