एसी आणि डिह्युमिडिफायरचे पाणी कुंड्यांना: उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा अनुभव

ठाण्यातील आमच्या घरात शयनगृहात दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे आणि पावसाळ्यात कपाटांना, पुस्तकांना बुरशी लागू नये म्हणून घेतलेला एक लहान डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील ओलावा काढणारे यंत्र, आहे. या दोन्हींतून निघणारे पाणी मार्चपासून साठवून घरातील कुंड्यांना घालत आहोत आणि आता हिवाळा सुरू झाला आहे. पाणी वाचते हे या प्रयोगाचे कारण सर्वत्र सांगितले जाते, पण मला ते फारसे पटत नाही. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी हा पुरवठ्याचा मानक आकडा धरला जातो आणि त्यापुढे बादलीत जमणारे पाच-सहा लिटर किरकोळच ठरतात. फायदा झाला तो पाण्याच्या प्रतीचा, आणि तोही मोजक्याच झाडांना झाला.

एसीतील थंड कॉइलवर खोलीतील हवेचे बाष्प द्रवरूप होते आणि ताटलीतून नळीवाटे बाहेर येते. बाष्पासोबत क्षार येत नसल्याने या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोरीन किंवा फ्लोराइड जवळपास नसते. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, एरवी शंभरच्या आसपास असतो, मात्र उन्हाळ्यात सोसायटी टाकीत बोअरचे पाणी मिसळते तेव्हा तो चारशेच्या पुढे जातो. एसीच्या पाण्याचा टीडीएस वीस-तीसच्या वर क्वचितच गेला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी की टीडीएस दाखवणारा मीटर फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. त्या पाण्यात कॉइलवरील धूळ, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा अंश अथवा जिवाणू आहेत की नाहीत, हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून ते पाणी पिण्याजोगे मानणे चूक आहे.

किती पाणी मिळेल, हे यंत्रापेक्षा गावाच्या हवेवर अधिक ठरते. 30 अंश तापमानाला 80 टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम बाष्प असते, तर 38 अंशांना 15 टक्के आर्द्रतेच्या हवेत जेमतेम 7 ग्रॅम. मे महिन्यात ठाण्यात रात्रभर एसी चालला की सकाळी पाच ते सात लिटर पाणी मिळते. पुण्यात बहिणीकडे एप्रिलच्या कोरड्या दुपारी तेवढाच मोठा एसी चालूनही डब्याचा तळ जेमतेम ओला होत असे आणि तिला वाटले, नळी कुठेतरी तुंबली आहे. विदर्भातील वाचकांनी तर उन्हाळ्यात हा विचारच करू नये, कारण तेथील कुलर उलट पाणी पितो. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालला आणि त्याच्या शक्तीचा सुमारे पाव हिस्सा बाष्प काढण्यात गेला, तर गणिताने तासाला दोन लिटरच्या जवळपास पाणी निघायला हवे. प्रत्यक्षात इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर मंद चालतो, त्यामुळे हा वेग रात्रीच्या सुरुवातीलाच दिसतो.

खर्च अगदी कमी आला, मात्र जोडणीत थोडे डोके चालवावे लागते. पूर्वी आमच्या एसीची नळी खिडकीबाहेर मोकळी सोडलेली होती आणि खालच्या मजल्यावरील पत्र्यावर रात्रभर टप-टप चालायची. मुंबई-ठाण्याच्या इमारतींत या आवाजावरून किती भांडणे झाली असतील, याची कल्पना कोणालाही करता येईल. आता नळी गॅलरीत वळवून वीस लिटरच्या झाकणाच्या कॅनमध्ये सोडली आहे. नळीला शेवटपर्यंत उतार हवा आणि तिचे टोक कॅनमधील पाण्यात बुडता कामा नये. टोक बुडाले की नळीत हवा अडकते, पाणी मागे साठते आणि आतील युनिटमधून भिंतीवर ओघळू लागते. कॅनच्या गळ्याजवळ एक भोक पाडून तेथून दुसरी नळी गॅलरीच्या मोरीत सोडली, म्हणजे सकाळी उशीर झाला तरी फरशीवर तळे होत नाही.

आता झाडांकडे येतो. सर्वांत स्पष्ट फरक कॅलेथियात दिसला. बोअरच्या पाण्यावर तिच्या पानांच्या कडा उन्हाळ्यात हमखास करपत असत. एसीच्या पाण्यावर आल्यानंतर जुनी करपलेली पाने तशीच राहिली, ती सुधारत नाहीत, पण नव्या पानांच्या कडा बऱ्याच स्वच्छ आल्या. मात्र श्रेय सगळे पाण्याला देणे योग्य नाही, कारण जूनपासून हवेतील आर्द्रताही वाढली होती. एप्रिल-मेमध्ये उघडलेल्या पानांवरून मी हे मत बनवले आहे. स्पायडर प्लांट फ्लोराइडला संवेदनशील म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या शेंड्यांचे तपकिरीपण कमी झाले. फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या मुळांवर व सालीच्या तुकड्यांवर साचणारा पांढरा थर थांबला, आणि बोस्टन फर्नही टवटवीत राहिले. मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि झेडझेड यांना काडीचाही फरक पडला नाही. ज्यांच्या घरी एवढीच झाडे आहेत आणि नळाला मृदू पाणी येते, त्यांनी नळ्या-कॅनचा हा खटाटोप केला नाही तरी काही बिघडणार नाही.

पाणी कुंडीत घालण्यापूर्वी काही तास घरात ठेवावे लागते. नळीतून येताना ते चांगलेच गार असते आणि आफ्रिकन व्हायोलेटसारख्या केसाळ पानांवर गार पाणी पडले की फिकट डाग उठतात.

या पाण्याची मोठी मर्यादा पावसाळ्याच्या मध्यावर समोर आली. ज्या पीस लिलीला केवळ हेच पाणी मिळत होते, तिच्या खालच्या जुन्या पानांवर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला, आणि हे मॅग्नेशियमच्या कमतरतेचे ठरावीक लक्षण आहे. कुंडीत बहुतांश कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, होते. धुऊन प्रक्रिया न केलेले कोकोपीट कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवते, त्यात वरून घातलेले पाणीही क्षारविरहित, म्हणजे झाडाला हे दोन्ही कोठूनच मिळत नव्हते. लाल माती आणि गांडूळखत असलेल्या कुंड्यांत असे काही झाले नाही. त्यावर लिटरभर पाण्यात साधारण एक ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून महिन्यातून एकदा देणे सुरू केले आणि दर तिसऱ्या वेळी साधे नळाचे पाणी घालायचे ठरवले. कोणी कॅल्शियम नायट्रेटही देत असेल तर ते आणि एप्सम सॉल्ट एकाच दाट द्रावणात मिसळू नये, कारण त्यातून जिप्समचा साका तळाशी बसतो. महागड्या तयार द्रवखतांपेक्षा ही साधी सोय मला पुरेशी वाटली.

क्षार नसण्याचा एक उपयोग मात्र मी सुरुवातीला धरलेला नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये झाडे पाणी कमी मागतात आणि डिह्युमिडिफायरची टाकी मात्र रोज भरते. हे जास्तीचे पाणी उन्हाळ्यात क्षार साचलेल्या कुंड्या धुण्यासाठी वापरले. कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश वरून ओतायचे आणि खालून पूर्ण निथळू द्यायचे. मातीच्या कुंड्यांच्या कडांवरचे पांढरे चट्टे त्यानंतर पुन्हा तितके दाट झाले नाहीत. माझ्या मते या पाण्याचा पावसाळ्यातील सर्वांत चांगला वापर हाच आहे.

स्वच्छतेबाबत मात्र हयगय चालत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांपासून डास तयार होतात. कुंड्यांखालच्या बशा आणि एसीच्या ताटल्या पालिकेच्या तपासणीत नेहमी पाहिल्या जातात, ते उगाच नाही. कॅनला घट्ट झाकण, मोकळ्या तोंडांना जाळी आणि आठवड्यातून एकदा कॅन पूर्ण रिकामा करून आतून घासणे, एवढे आम्ही पाळतो. अंडी कोरड्या भिंतीलाही चिकटून महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसते उपडे करून भागत नाही. साठवलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचा सूक्ष्म फवारा श्वासावाटे आत जाणे घातक ठरू शकते, त्यामुळे हे पाणी स्प्रे बाटलीत कधीच भरत नाही, थेट मातीत घालतो.

एसी मेकॅनिक कॉइल रसायनाने धुऊन गेला की पुढचे दोन-तीन दिवस सगळे पाणी मोरीत सोडतो. तुळस, पुदिना, कढीपत्ता यांची पाने पोटात जातात, म्हणून त्यांना नळाचेच पाणी मिळते. शेजारच्यांनी एकदा माशांच्या टाकीसाठी हे पाणी मागितले होते, पण तांब्याचा थोडा अंशही कोळंबीसारख्या जिवांना मारक असतो म्हणून त्यांना नको म्हटले. अनेक घरांत हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात, तेही टाळावे. डिस्टिल्ड वॉटर स्वस्त आहे आणि बॅटरी महाग.

डिह्युमिडिफायरविषयी वेगळे सांगावे लागेल. त्याच्या खोक्यावर दिवसाला बारा लिटर लिहिले आहे, पण तो आकडा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेत मोजलेला असतो. बंद खोलीत आर्द्रता 60 टक्क्यांवर ठेवून तो दहा तास चालवला तर टाकीत तीन-चार लिटर जमतात, आणि सुमारे 230 वॅटच्या हिशेबाने दोन युनिटांपेक्षा थोडी जास्त वीज जाते. कपाटे कोरडी राहिली म्हणून तो खर्च पटतो. केवळ झाडांच्या पाण्यासाठी हे यंत्र घेणाऱ्याला मात्र एक लिटर पाणी चार-पाच रुपयांना पडेल, आणि यंत्र खोली गरम करते ते वेगळेच. आमच्या यंत्रातील टाकीचा तरंगता गोळा ऑगस्टमध्ये शेवाळासारख्या चिकट थरामुळे अडकला आणि टाकी काठोकाठ भरूनही यंत्र थांबले नाही. सेवा केंद्राने दुरुस्तीला पुष्कळ दिवस लावले. तेव्हापासून दर रविवारी तो गोळा ब्रशने साफ करतो आणि यंत्र पत्र्याच्या मोठ्या ताटात ठेवतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून एसी बंद आहे आणि डिह्युमिडिफायर कपाटावर गेला आहे, म्हणजे हवा कोरडी होऊन कुंड्या लवकर वाळू लागल्या नेमक्या त्याच वेळी हा स्रोत आटला. कॅलेथिया आणि ऑर्किडसाठी सध्या पाण्याच्या गाळणीचे, म्हणजे आरओचे पाणी नळाच्या पाण्यात अर्धे-अर्धे मिसळून देतो. बाकीच्या झाडांना नळाचे पाणी चालते, कारण पाऊस चांगला झाल्याने सोसायटीने बोअर अजून सुरू केलेला नाही.