झोपेच्या काट्यावर दोन गोळ्या: टीएलई आणि टीएलडी

सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार मिळतात तिथून, विनामूल्य मिळणाऱ्या गोळीचे परीक्षण लिहिणे थोडे विचित्रच आहे, कारण तिची किंमत आपण मोजत नाही आणि दुकानातल्या वस्तूसारखी निवडही आपल्या हाती नसते. तरीही लिहितो आहे. २०१४ ते २०२१ अशी सात वर्षे मी टीएलई घेतली आणि त्यानंतर आजतागायत टीएलडी घेतो आहे. विषाणूवर या गोळ्या काय करतात हे केंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेले असते, झोपेवर काय करतात हे मात्र बाकावर शेजारी बसलेल्या माणसाकडूनच कळते. हे परीक्षण त्या बाकावरचे आहे, असे समजावे.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. गाळप हंगामात पाळ्या बदलत राहतात, त्यांतली एक रात्री आठला सुरू होऊन पहाटे चारला संपते, आणि त्या वेळी समोर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. आकडा एका अंकाने चुकला तरी एखाद्या शेतकऱ्याचे पैसे बुडतात. झोप हा विषय माझ्यासाठी चैनीचा का नाही, हे सांगण्यासाठी एवढे पुरे.

टीएलई म्हणजे टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि एफाव्हिरेन्झ ६०० मिलिग्रॅम ही तीन औषधे एकाच गोळीत. सूचना अशी होती की ती रात्री झोपताना घ्यावी आणि तेलकट, तुपकट जेवणावर लगेच घेऊ नये, कारण स्निग्ध अन्नासोबत एफाव्हिरेन्झ रक्तात अधिक उतरते. पहिल्या रात्री गोळी घेतल्यावर दीड-दोन तासांनी लघवीला उठलो तेव्हा घरातली फरशी एका बाजूला उतरती झाल्यासारखी वाटली आणि भिंतीला हात लावत परत अंथरुणावर यावे लागले. समुपदेशक ताईंनी चक्कर येण्याविषयी आधीच सांगितले होते, म्हणून घाबरलो नाही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे ती चक्कर महिन्याभरात ओसरली. स्वप्ने मात्र ओसरली नाहीत.

या स्वप्नांविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘विचित्र स्वप्ने पडू शकतात’ या चार शब्दांत ती मावत नाहीत. ती वाईटच असत असे नाही. ती जागेपणापेक्षा अधिक ठळक असत, इतकी की सकाळी उठल्यावर एखादी गोष्ट खरोखर घडली की स्वप्नात, हे पत्नीला विचारून ठरवावे लागे. वारलेले वडील काट्यावर येऊन उभे राहत आणि आकडा काही केल्या स्थिर होत नसे. मी घामाघूम होऊन उठे, पुन्हा डोळा लागला की तेच स्वप्न जिथे थांबले होते तिथून पुढे चालू होई. आठ तास अंथरुणात पडूनही उठताना अंग रात्रभर ऊसतोडणी केल्यासारखे आंबलेले असे. एकदा सकाळच्या पाळीला मी एका ट्रॉलीचे वजन दुसऱ्या वाहनाच्या नावावर चढवले. चूक लगेच पकडली गेली आणि दुरुस्तही झाली, परंतु त्यानंतर प्रत्येक पावती दोनदा वाचण्याची जी सवय लागली ती आजही सुटलेली नाही.

यामागचे कारण पुढे एका डॉक्टरांनी समजावून सांगितले. एफाव्हिरेन्झ मेंदूपर्यंत पोहोचते, आणि शरीरातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच चाळीस तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे आजची गोळी घेताना कालची अजून अंगात असते. त्यातही यकृतातले सीवायपी२बी६ नावाचे जे एन्झाइम हे औषध मोडते, ते काही लोकांत जन्मतःच मंद असते; अशांच्या रक्तात तोच डोस कितीतरी अधिक साठतो. त्यामुळे एकच गोळी घेणाऱ्या दोघांपैकी एक जण ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणतो आणि दुसरा सात वर्षे स्वप्नांशी झुंजतो, यात मनोबलाचा प्रश्न नसतो. ६०० ऐवजी ४०० मिलिग्रॅम एफाव्हिरेन्झ विषाणूवर तितकेच परिणामकारक ठरते, असे एन्कोअर-१ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये, म्हणजे मी गोळी सुरू केली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले होते. माझ्या बाटलीवर शेवटपर्यंत ६०० हाच आकडा राहिला.

तरीही टीएलईला वाईट गोळी म्हणणे अन्यायाचे होईल. देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, आणि त्या सुरुवातीच्या काळातल्या स्टॅव्ह्युडिन या औषधाने ज्यांचे गाल बसले आणि तळपाय जळजळत राहिले, ती माणसे आजही आमच्या केंद्रात भेटतात. दिवसातून दोनदा घ्यायच्या त्या गोळ्यांनंतर दिवसाला एकच गोळी हाती पडणे ही त्यांच्या दृष्टीने मोठीच सुटका होती. मलाही त्या गोळीनेच कामावर उभे ठेवले.

रात्रपाळीच्या दिवसांत गोळीचे काय करायचे, हा प्रश्न मला पहिला संपूर्ण हंगाम छळत राहिला. रात्री नऊला गोळी घेऊन काट्यावर बसलो की अकराच्या सुमारास आकडे पोहू लागत. सूचनेतली ‘रात्री’ घड्याळातली नसून झोपेची आहे, आणि पहाटे घरी येऊन झोपणाऱ्याने ती तेव्हा घेतली तरी चालते, फक्त रोजची वेळ पाळावी, हे मला दुसऱ्या हंगामात कळले, आणि तेही मी विचारले म्हणून. आमच्या हिरव्या पुस्तकात वजन, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या), उरलेल्या गोळ्या, पुढची तारीख हे सारे लिहिले जाते. झोपेसाठी त्यात रकाना नाही. पुरळ, उलटी, कावीळ यांविषयी दर खेपेस विचारणा होई आणि मी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणे.

२०२१ मध्ये व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, तपासून मला टीएलडीवर आणण्यात आले. यात एफाव्हिरेन्झच्या जागी डोलुटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम असते, बाकीची दोन औषधे तीच. गोळी आकाराने लहान आहे आणि जेवणाआधी घ्यावी की नंतर, हा प्रश्नच उरत नाही. दोन-तीन आठवड्यांत स्वप्ने विरळ झाली आणि मग थांबली. एके सकाळी जाग आली तेव्हा रात्रीचे काहीच आठवत नव्हते, आणि त्या रिकामेपणाचा मला जो आनंद झाला तो इतरांना पटवून देणे कठीण आहे.

परंतु महिन्याभरात नवीच तक्रार उभी राहिली. आता झोपच येईना. अकराला अंग टाकायचे, दोन वाजेपर्यंत पंख्याकडे पाहत राहायचे, लागलाच डोळा तर चारला उघडायचा. पत्नी म्हणाली, “अहो, आधी स्वप्नांत तरी झोपत होतात.” चुकीचे मूळ अगदी साधे होते, आणि टीएलडीकडे वळलेल्या प्रत्येक जुन्या रुग्णाने ते ध्यानात घ्यावे म्हणूनच हा सारा खटाटोप आहे. गोळी बदलली, तिची वेळ बदलली नाही. सात वर्षांच्या सवयीने मी टीएलडीसुद्धा रात्री दहालाच घेत होतो. मोबाइलमधला गजर तोच होता, आणि बाटलीवरच्या चिठ्ठीत औषध देणाऱ्यांच्या हातून सवयीने ‘रात्री’ असेच लिहिले गेले होते. डोलुटेग्राव्हिरने काही जणांची झोप उडते, आणि अशांनी ती गोळी सकाळी घ्यावी, हे डॉक्टरांना ठाऊक असते. मला ते पाच महिन्यांनी कळले, कारण तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू लागल्यापासून केंद्रात जाणेच कमी झाले होते. ही सोय प्रवासखर्च आणि रजा वाचवणारी म्हणून चांगलीच आहे, परंतु गोळी बदलल्यावर पहिल्या महिन्यात निदान एक फोन यायला हवा होता.

विचारून वेळ सकाळी आठवर आणली आणि दहा-बारा दिवसांत झोप बरीचशी रुळावर आली. हा बदल स्वतःच्या मनाने करू नये, केंद्रात विचारूनच करावा. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असलेल्यांना तर बारा तासांनी डोलुटेग्राव्हिरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी घ्यावी लागते, त्यामुळे त्यांची संध्याकाळची गोळी टळत नाही आणि झोपेसाठी ती टाळूही नये. जागरणाने पित्त वाढते म्हणून अँटासिड घेणारे आमच्या पाळीत पुष्कळ आहेत. टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते, नाहीतर ती रक्तात नीट उतरत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण या गोळीसोबत त्याचा डोस मर्यादित ठेवतात.

टीएलडीचा दुसरा दोष वजनाचा. डोलुटेग्राव्हिर घेणाऱ्यांचे वजन अधिक वाढते हे दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅडव्हान्स चाचणीत २०१९ मध्येच दिसून आले होते. माझे दोन वर्षांत सात किलो वाढले, आणि ते मोजायला मला मोठा काटा लागला नाही. वजनासोबत घोरणे आले. घोरताना मध्येच श्वास अडकत असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर तो निद्रानाश नसून स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, आणि त्यावर गोळीची वेळ बदलून काहीही उपयोग होत नाही. त्याची तपासणी वेगळी असते.

सगळा दोष गोळीच्या माथी मारणेही बरोबर नाही. निदान झाले त्या वर्षी एकही गोळी सुरू नसताना मी रात्र रात्र जागा होतो. बाटली हलली की गोळ्या खुळखुळतात, त्या आवाजाने शेजारच्या खोलीतला पाहुणा काय विचारील, ही चिंता कोणत्याही रसायनाइतकीच झोप घालवते. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के लोकांनी झोपेची तक्रार सांगितलेली आढळते. आमच्या बाकावरचा अनुभव याहून वेगळा नाही. पिट्सबर्ग झोप निर्देशांक नावाची प्रश्नावली १९८९ पासून जगभर वापरात आहे. सात घटकांचे मिळून शून्य ते एकवीस गुण होतात आणि पाचाच्या वर गेल्यास झोप खराब मानली जाते. ती भरायला दहा मिनिटे पुरतात. रक्त देण्यासाठी आम्ही तासभर रांगेत बसतोच, तेव्हा ही दहा मिनिटे कोणालाही जड जाणार नाहीत.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये, आणि ती मी केलेली आहे. टीएलईच्या काळात मी ओळखीच्या मेडिकल दुकानातून झोप यावी म्हणून अल्प्राझोलाम या गुंगी आणणाऱ्या गोळीची पाकिटे आणत असे. हे औषध एच-१ अनुसूचीतले आहे, चिठ्ठीविना देताच येत नाही, तरी मिळत असे. पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावरच्या, दुसऱ्या टप्प्याच्या उपचारात ज्यांना रिटोनाव्हिर हे औषध चालू आहे त्यांच्यासाठी तर हा प्रकार धोक्याचा आहे, कारण रिटोनाव्हिरमुळे अशा औषधांचे रक्तातले प्रमाण बेसुमार वाढू शकते. याच जातीच्या मिडाझोलाम आणि ट्रायाझोलामच्या तोंडी गोळ्या त्यासोबत वर्ज्यच आहेत. झोपेची गोळी लागलीच तर ती एआरटीच्या डॉक्टरांना हिरवे पुस्तक दाखवूनच घ्यावी. गावात बोभाटा होईल या भीतीने कोणी थांबले असेल तर १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार आपली माहिती आपल्या संमतीविना उघड करता येत नाही. १०९७ या क्रमांकावर एचआयव्हीविषयी आणि १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मनःस्वास्थ्याविषयी नाव न सांगताही विचारता येते.

गुण द्यायचेच झाले तर झोपेपुरते टीएलईला पाचपैकी दीड आणि टीएलडीला चार. कापलेला एक गुण वजनाचा. केंद्रातल्या माणसांच्या वागण्याला पूर्ण पाच, कारण अकरा वर्षांत तिथे मला कोणी तुटक बोललेले आठवत नाही. त्यांनी दिलेल्या सूचनांना मात्र अडीचच. मागच्या आठवड्यात नव्या तीन बाटल्या घेऊन आलो. त्यांपैकी दोन बाटल्यांवर ‘सकाळी’ लिहिले होते आणि तिसरीवर अजूनही ‘रात्री’; काट्यावरच्या लाल पेनाने मी ते खोडून दुरुस्त केले आहे.