पंचवटीतील किराणा दुकान आणि आठवड्याचे दोन हजार रुपये

नाशिकला पंचवटीत, गोदाघाटापासून सात-आठ मिनिटांच्या चालीवर असलेल्या एका जुन्या किराणा दुकानाने ‘आठवड्याची यादी’ नावाची सेवा सुरू केली आहे. तिचा सहा महिन्यांचा, म्हणजे जून ते नोव्हेंबर २०२५ या काळातील २६ बुधवारांचा अनुभव येथे मांडत आहे. दुकानाचे नाव लिहू नये, अशी मालकांची विनंती आहे, कारण आठवड्याला चाळीसपेक्षा जास्त याद्या त्यांना नीट बांधता येत नाहीत. ती विनंती मला रास्त वाटली. शिवाय अशी सेवा कोणताही किराणा दुकानदार देऊ शकतो, त्यामुळे नावापेक्षा तिची रीत समजणे वाचकांच्या अधिक उपयोगाचे आहे.

सेवा अशी आहे. मंगळवारी रात्री नऊपर्यंत व्हॉट्सॲपवर यादी पाठवायची आणि यादीच्या माथ्यावर रकमेची मर्यादा लिहायची. बुधवारी दुपारपर्यंत सामान बांधून तयार असते. मालकांच्या सूनबाई, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, त्या सामान काढता काढता बेरीज करत जातात, आणि बेरीज मर्यादेच्या वर गेली तर सामान बांधण्याआधी फोन करतात. “ताई, बावीस रुपये वर जातायत. शेंगदाणे अर्ध्याऐवजी पाव करू का, की गूळ पुढच्या बुधवारी घ्याल?” या एका फोनसाठी मी हे दुकान धरून आहे. मोठ्या दुकानात ढकलगाडी भरत असताना बेरीज कोणी सांगत नाही. ती कळते थेट पैसे देताना, मागे रांग असताना, आणि तेव्हा एखादी वस्तू परत ठेवण्याचा संकोच वाटतो. येथे निर्णय घरी बसून शांतपणे घेता येतो.

आमच्या घरात पाच माणसे आहेत: आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई. दूध आणि गॅस यांचा हिशेब वेगळा आहे. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मी प्रत्येक खर्च वहीत लिहिला, तेव्हा किराणा, भाजी आणि फळे यांवर महिन्याला सरासरी १२,६०० रुपये जात असल्याचे दिसले. आम्ही १०,००० ही रक्कम ठरवली. आता आठवड्याची मर्यादा काढताना बहुतेक घरांत महिन्याच्या रकमेला चाराने भागले जाते, आणि तिथेच हिशेब चुकतो. १०,००० भागिले चार म्हणजे २,५००, पण वर्षात ४८ नव्हे तर ५२ आठवडे असतात, त्यामुळे २,५०० या मर्यादेने वर्षाचा खर्च १,३०,००० होतो, म्हणजे ठरवलेल्या रकमेपेक्षा पूर्ण एका महिन्याचा खर्च जास्त. वर्षाच्या १,२०,००० रुपयांना ५२ ने भागले तर २,३०० च्या आसपास रक्कम येते, आणि खरी मर्यादा तीच.

या २,३०० पैकी ३०० रुपये दर आठवड्याला बाजूला एका डब्यात जातात, ते साठवणीसाठी. उन्हाळ्यात वर्षाचे गहू, मिरची, हळद आणि मसाल्याचे जिन्नस भरण्याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. ती मोडायची नसेल, तर त्या खर्चाला आठवड्याच्या हिशेबात जागा द्यावी लागते, नाहीतर मे महिन्यात एका फटक्यात दहा-पंधरा हजार जातात आणि सगळी शिस्त वाया जाते. उरलेले २,००० रुपये असे वाटले आहेत: किराणा ११००, भाजी आणि फळे ७५०, राखीव १५०. दुकानाच्या यादीवर मी मर्यादा लिहिते ती ११०० ची.

दुकानातील बहुतेक माल सुटा आहे, आणि आठवड्याची मर्यादा पाळणाऱ्या घरासाठी ही बाब फार मोलाची आहे. तूरडाळ साडेसातशे ग्रॅम, मुगाची डाळ पाव किलो, रवा अर्धा किलो, असे नेमके हवे तेवढे घेता येते. बांधीव पाकिटात एक किलोच मिळत असेल, तर पुढच्या आठवड्याचा माल या आठवड्याची मर्यादा खाऊन टाकतो. यात कराचाही एक भाग आहे, जो अनेकांच्या लक्षात येत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बांधीव आणि लेबल लावलेल्या तांदूळ, डाळी, गहू, पीठ यांवर ५ टक्के जीएसटी लागतो, तर सुट्या मालावर तो लागत नाही. आमच्या घरात आठवड्याला साधारण ३५० रुपयांचे तांदूळ, डाळी आणि कडधान्ये लागतात. त्यावर ही बचत सतरा-अठरा रुपयांची आहे. रक्कम लहान आहे, पण ती दर आठवड्याची आहे.

सुट्या मालाची भीती असते ती वजनाची आणि स्वच्छतेची. वजनाबाबत मी पहिले अकरा आठवडे प्रत्येक पुडा घरच्या स्वयंपाकघरातील काट्यावर पुन्हा मोजला. दुकानात पिशवी ठेवून काटा आधी शून्यावर आणतात आणि मग माल घालतात, त्यामुळे पिशवीचे वजन आपल्या माथी येत नाही. वैधमापन विभागाच्या पडताळणीचे प्रमाणपत्र गल्ल्यामागे लावलेले आहे. अकरा आठवड्यांत एकदाच शेंगदाणे अर्ध्या किलोत वीस ग्रॅम कमी भरले. सांगितल्यावर वहिनींनी वाद न घालता ते भरून दिले आणि त्या दिवशी काटा तपासला. प्रत्येक पुड्यावर वजन, दर आणि रक्कम पेन्सिलीने लिहिलेली असते, हेही मला आवडते, कारण वहीत उतरवताना बिल शोधावे लागत नाही.

तेल मात्र सुटे मिळत नाही आणि ते योग्यच आहे. खाद्यतेल बांधीवच विकले गेले पाहिजे. पण पिशव्यांच्या आकारात ग्राहकाची फसगत होऊ शकते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते, पण दिसायला तशाच असणाऱ्या काही पिशव्यांत ८४० किंवा ७५० ग्रॅमच तेल असते, आणि छापील किमतीत दहा-पंधरा रुपयांचा फरक दिसला की हात स्वस्त पिशवीकडे जातो. या दुकानात तेलाच्या फडताळाशेजारी एक पाटी आहे, तिच्यावर प्रत्येक पिशवीचा किलोमागे दर खडूने लिहिलेला असतो. जी पिशवी किमतीला स्वस्त दिसते, ती या पाटीवर बरेचदा महाग ठरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या दैनिक आहारासाठी २७ ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. पाच माणसांचा तसा आठवड्याचा हिशेब ९४५ ग्रॅम होतो, म्हणजे एका लिटरच्या जवळपास. आम्ही आधी आठवड्याला दीड लिटर वापरत होतो. एक पिशवी बुधवार ते बुधवार पुरवायची, एवढा एकच नियम आता आहे, आणि तो सासूबाईंनी माझ्याआधी स्वीकारला.

या दुकानाचा दुसरा मोठा गुण म्हणजे त्याची जागा आणि त्याचा वार. नाशिकचा बुधवारचा आठवडे बाजार गोदाघाटावर भरतो, आणि भाजी घेऊन परत येताना दुकान वाटेवरच लागते. एकाच दिवशी एकाच फेरीत दोन्ही खरेदी होतात आणि उरलेल्या सहा दिवसांत पिशवी घेऊन बाहेर पडण्याचे कारण राहत नाही. मधल्या दिवसांतील ‘फक्त कोथिंबीर आणायला’ गेलेली फेरी दीडशे रुपयांखाली कधी संपत नाही, हे माझ्या एप्रिलच्या वहीत पानोपानी लिहिलेले आहे. पालेभाजीच्या जुड्या गुरुवार-शुक्रवारी संपवायच्या, नंतर फळभाज्या, आणि सोमवार-मंगळवार मोड आलेली कडधान्ये, पिठले, झुणका, असा क्रम आम्ही लावून घेतला आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की घाटावर बाजार बसू शकत नाही. अशा आठवड्यात भाजीचे पैसे जवळच्या महाग भाजीवाल्याकडे जातात आणि राखीव १५० उपयोगी पडतात.

या सेवेची मुख्य त्रुटीही इथेच आहे. यादी मंगळवारी रात्री द्यावी लागते, पण भाजीचे भाव बुधवारी कळतात. आमच्या घरी भाजी महाग असेल तर मटकी, चवळी, मसूर वाढवायचे आणि स्वस्त असेल तर कमी करायचे, अशी सोय हवी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, साठवणीतला उन्हाळ कांदा सरत आलेला आणि नवा लाल कांदा अजून पुरेसा न आलेला, अशा दिवसांत तर कांद्याच्या भावावरच आठवड्याचा स्वयंपाक ठरतो. यावर मी यादीच्या शेवटी ‘पर्यायी’ असे लिहून दोन ओळी देऊ लागले, आणि बाजारातूनच फोन करून त्यांतले काय घ्यायचे ते कळवू लागले. वहिनी ते सांभाळून घेतात, पण गर्दीच्या दिवशी फोन लागत नाही. दोनदा नको असलेली मटकी घरी आली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. जुलैमध्ये एकदा नेहमीची तूरडाळ संपली होती म्हणून न विचारता वरच्या प्रतीची डाळ बांधली गेली, जिचा दर किलोला १४ रुपयांनी जास्त होता. एकूण बेरीज मर्यादेत बसत होती, म्हणून फोन आला नाही. मर्यादा पाळली गेली तरी वस्तू न विचारता बदलणे मला मान्य नाही, आणि तसे मी स्पष्ट सांगितले. त्यानंतर बदल असल्यास पुड्यावर गोल खूण करून आधी विचारतात. निवड मर्यादित आहे, हेही सांगायला हवे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि राळे मिळतात, पण तांदळाचे चारच प्रकार आहेत, आणि मुलांच्या आवडीचे पास्ता-नूडल्स जवळजवळ नाहीतच.

ही शेवटची बाब मी त्रुटींत लिहिली असली, तरी खर्च उतरण्याचे सर्वांत मोठे कारण तीच आहे. एप्रिल महिन्यात आम्ही फोनवरून दहा-पंधरा मिनिटांत घरपोच येणाऱ्या १७ ऑर्डरी दिल्या होत्या आणि त्यांत धान्य-डाळ जवळजवळ नव्हतीच. चिप्स, शीतपेये, तयार पिठे, बिस्किटे आणि पोहोचवण्याचे शुल्क हेच होते. हे आमच्या एकट्याच्या घरचे चित्र नाही. २०२३-२४ च्या केंद्रीय घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या दरडोई खर्चापैकी ३९.६८ टक्के वाटा अन्नाचा होता, आणि पेये व तयार, प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के, म्हणजे धान्यांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. डाळीच्या दरात चार रुपये वाचवण्यासाठी आपण तीन दुकाने फिरतो, आणि गळती होत असते ती दुसऱ्याच ठिकाणी. आठवड्याची यादी एकदाच जाते, त्यामुळे ‘आत्ता हवे’ म्हणून मागवण्याची वाटच बंद झाली. मुलांना त्रास झाला, पहिल्या महिन्यात बराच झाला. आता राखीव रकमेतील ५० रुपये दर आठवड्याला दोघांच्या हाती दिले जातात आणि त्यांचे काय घ्यायचे, ते तेच ठरवतात.

यादीच्या ग्राहकांना या दुकानात उधारी नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांची खाती आहेत, पण यादी घ्यायची तर बुधवारीच पूर्ण पैसे द्यायचे. सुरुवातीला हे मला कडक वाटले. आता वाटते की या नियमाशिवाय मर्यादेला काही अर्थ राहिला नसता, कारण खात्यावर लिहिलेले शंभर रुपये त्या आठवड्यात कोणालाच दिसत नाहीत.

सणांचे आठवडे कठीण गेले. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी नेमकी बुधवारी आली, म्हणून यादी सोमवारी आणि सामान मंगळवारी, असे वहिनींनी आठ दिवस आधी कळवले होते. तरीही तो आठवडा मर्यादेबाहेर गेला. दिवाळीच्या फराळासाठी ८ आणि १५ ऑक्टोबर या दोन बुधवारी मिळून नेहमीपेक्षा २,९०० रुपये जास्त लागले. त्यांतले १,९०० राखीव रकमेतून साठले होते, कारण जूनपासून न वापरलेले राखीव पैसे मी वेगळे ठेवत आले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणि बिस्किटे, अंगाचा साबण, टूथपेस्ट यांवरील १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा हातभार लागला. मात्र साबण आणि बिस्किटे या दुकानात पहिला आठवडाभर जुन्याच छापील किमतीला दिली जात होती आणि विचारल्यावरच कमी केली गेली. हे व्हायला नको होते.

एकूण २६ आठवड्यांपैकी २१ आठवडे खर्च २,००० च्या आत राहिला. पाच आठवडे वर गेला: एक गणपतीचा, दोन फराळाचे आणि दोन पाहुण्यांचे. पाचपैकी चार गुण मी देईन. कापलेला एक गुण बव्हंशी मंगळवारच्या वेळेसाठी आहे. यादी बुधवारी सकाळी दहापर्यंत स्वीकारावी आणि सामान संध्याकाळी द्यावे, असे मी वहिनींना सुचवले आहे. बाजारातून परत येणाऱ्या आणखी तीन-चार घरांनीही तेच सांगितल्यामुळे जानेवारीत महिनाभर तसे करून पाहण्याचे त्यांनी कबूल केले आहे.